मेटलच्या मैदानात जात कुठे जाते?

गेल्या महिन्यात विहारात रविवारची वंदना झाली. सतरंज्या गुंडाळायची वेळ आली तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आमच्यातल्या एका पोराला अडवले. पोराच्या अंगात काळा टी-शर्ट होता. त्यावर कवटी आणि काटेरी अक्षरांत बँडचे नाव. "हे काय भुताचं घालून आलास रं विहारात?" काकांनी विचारले. पोरगा गप्प. मग काकांचा मोर्चा आमच्याकडे वळला, कारण ही गाणी त्याला आम्हीच ऐकवली हे त्यांना ठाऊक होते. "तुमी शिकलेली माणसं. एमए झालासा. पोरांना बाबासाहेब वाचायला लावायचं सोडून हे इंग्रजी बोंबलणं ऐकायला लावतासा व्हय? आणि त्यासाठी पाच-पाच हजार घालतासा?"

काकांचा आम्ही मान ठेवतो. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस आहे. त्यामुळे प्रश्न हसून उडवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला आमचे मेटल ऐकणारे मित्र आहेत. पुण्याचे, मुंबईचे, बेंगळुरूचे. जातीचा विषय निघाला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असते : "संगीताला जात नसते यार. निदान इथे तरी ते आणू नका."

म्हणजे एकजण सांगतो, हे आपले नाही. दुसरा सांगतो, तुमचे जे काही आहे ते इथे आणू नका. आम्ही गेली पंधरा वर्षे या दोघांच्या मध्ये उभे आहोत. येत्या जयंतीच्या नियोजनाची बैठक तोंडावर आहे आणि तिथे आम्ही एक ठराव मांडणार आहोत. त्याआधी दोघांशीही मोकळेपणाने बोलणे गरजेचे वाटते, म्हणून हा लेख.

बेंगळुरूची रात्र

२०११ साली आम्ही शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचे एमए करत होतो. ३० ऑक्टोबरला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका येणार अशी बातमी आली. त्याआधी १७ मार्च २००७ ला याच मैदानावर आयर्न मेडन वाजवून गेले होते. २००८ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत आले. दोन्ही वेळा आमच्या खिशात गाडीभाड्याचेही पैसे नव्हते. या वेळी मात्र थकलेली स्कॉलरशिप एकरकमी जमा झाली होती. चौघांनी ठरवले, जायचे. घरी "सेमिनार आहे" असे सांगितले. ते खोटे होते. रोज 'मुसावादा वेरमणी' म्हणणाऱ्यांनी एवढे तरी कबूल केले पाहिजे.

२८ तारखेला दिल्लीजवळच्या गुरगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. चिडलेल्या लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली. आमचाही कार्यक्रम रद्द होणार या धास्तीतच आम्ही बसमध्ये बसलो. निपाणी, बेळगाव, हुबळी करत सहाशे किलोमीटरच्या वर प्रवास. डब्यात चटणी-भाकरी, बॅगेत काळे टी-शर्ट.

ज्यांनी हे संगीत फक्त मोबाइलवर ऐकले आहे त्यांना ते प्रत्यक्ष कसे असते हे सांगणे अवघड आहे. आवाज कानाच्या आधी पोटात लागतो. ड्रमरच्या दोन्ही पायांखालचे ढोल चालू झाले की छातीची फळी हलते. हजारो माणसे एकाच ठोक्यावर मान खाली-वर करतात. स्टेजसमोर एक रिंगण तयार होते, त्याला पिट म्हणतात. त्यात पोरे एकमेकांच्या अंगावर धडका मारत फिरतात. लांबून बघणाऱ्याला ती मारामारी वाटेल. पण तिथे एक न लिहिलेला नियम आहे : कोणी पडला तर आजूबाजूच्यांनी थांबायचे आणि त्याला उचलायचे. त्या रात्री आमच्यातला एकजण दोनदा पडला. दोन्ही वेळा चार-पाच अनोळखी हातांनी त्याला काखेत धरून उभे केले. कोणी त्याची चप्पल शोधून आणली, कोणी पाण्याची बाटली पुढे केली. तो त्याच बाटलीला तोंड लावून प्यायला आणि बाटली पुढच्याला दिली.

आम्ही कोल्हापूरचे. याच शहरात गंगाराम कांबळे यांनी हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार पडला होता. मग शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी 'सत्यसुधारक' हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घ्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. एका कप चहात केवढे राजकारण होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना एका अनोळखी माणसाची उष्टी बाटली काय असते हे वेगळे सांगायला नको. आम्ही त्या रात्री रडलो. गाण्यामुळे रडलो असे तेव्हा वाटले होते.

आडनाव

परतीच्या बसमध्ये शेजारी पुण्याचा एक मुलगा भेटला. त्याच्या अंगात आमच्यासारखाच टी-शर्ट, घसा आमच्यासारखाच बसलेला. पिटमध्ये याच माणसाने आमच्या खांद्यावर हात टाकून गाणे म्हटले होते. हुबळीपर्यंत कोणता अल्बम श्रेष्ठ यावर भांडण झाले. मग त्याने विचारले, "पूर्ण नाव काय तुमचं?" आमच्यातल्या एकाने सांगितले. "अच्छा, कांबळे. कोल्हापूरचे कांबळे म्हणजे..." वाक्य त्याने अर्धेच सोडले. थोड्या वेळाने शिक्षणाचा विषय निघाला, स्कॉलरशिपचा निघाला, आणि तो हसत म्हणाला, "म्हणजे तिकीट सरकारी पैशातून!"

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला तो विनोद वाटला. आम्हाला झोंबले, कारण ते खरे होते. तिकीट स्कॉलरशिपच्या पैशातूनच काढले होते. पुढच्या प्रवासात कोणी बोलले नाही.

या एका वाक्यावर आम्ही चौघे आजही भांडतो. एकाचे म्हणणे, स्कॉलरशिप हा हक्क आहे, भीक नाही. हक्काच्या पैशाचा हिशोब कोणाला द्यायचा नसतो. त्या मुलाचे तिकीट त्याच्या वडिलांच्या पैशातून आले. त्या वडिलांना नोकरी, घर, जमीन कोणत्या वशिल्याने मिळाली हे बसमध्ये कोणी विचारले नाही. दुसऱ्याचे म्हणणे, हे सगळे बरोबर, तरी त्या महिन्यात धाकट्या बहिणीची फी थकली होती हेही खरे. दोघांचेही खरे आहे. आम्ही फक्त एवढे म्हणतो की आनंदाचा हिशोब देण्याची सक्ती या देशात फक्त काहींनाच आहे. गरिबाने पुस्तकावर खर्च केला तर तो होतकरू आणि मैफलीवर केला तर उधळ्या. शौक करण्याचा अधिकारसुद्धा जातीनेच वाटला गेला आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या चौघांत एक मैत्रीण होती. ती रात्रभर कठड्याला पाठ लावून उभी राहिली, पिटमध्ये आली नाही. आम्ही नंतर स्पर्शाबद्दल मोठमोठ्या गप्पा मारायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या त्या स्पर्शाच्या क्रांतीत मला कोणी विचारून स्पर्श केला नाही." गर्दीत तिला काय सोसावे लागले हे आम्हाला तेव्हा कळले. आम्ही ज्या रिंगणाला समतेचे मैदान म्हणत होतो ते अर्ध्या माणसांना बंद होते, आणि हे आमच्या लक्षातही आले नव्हते. अस्पृश्यता सोसलेल्यांनाही दुसऱ्याच्या अंगावरची गुलामी दिसत नाही, असे होते ते असे.

म्हणून "मैदानात जात नसते" या वाक्यावर आमचे मत असे आहे : दोन तास ती बाजूला ठेवलेली असते. चपला देवळाबाहेर काढून ठेवतात तशी. बाहेर पडताना ज्याची त्याला बरोबर सापडते.

हे संगीत कोणाचे?

आता "हे आपले नाही" या काकांच्या मुद्द्याकडे येऊ.

रॉक संगीताचे मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहे. गुलामांच्या वंशजांनी शेतात, चर्चमध्ये, तुरुंगात गायलेली ती गाणी. सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय बाई गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून चर्चची गाणी वाजवत होती तेव्हा रॉकचे पुढचे गोरे तारे शाळेतही जात नव्हते. रॉकच्या मानाच्या यादीत तिचे नाव यायला मात्र २०१८ साल उजाडले, तिच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. लेड झेपलिन या बलाढ्य ब्रिटिश बँडवर विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराने आपले गाणे उचलल्याचा दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड होऊन त्याला श्रेय मिळाले. खालच्यांनी निर्माण करायचे, वरच्यांनी नाव लावायचे. ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? लावणी कोणाच्या अंगावर वाढली आणि तिचे सोहळे कोणी केले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आणि हेवी मेटल? ते राजवाड्यातून आलेले नाही. ब्लॅक सॅबथ हा बँड बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतला. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवले आणि पुन्हा वाजवायला लागला. पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या, सूर खाली आणला. मेटलचा तो जड, खोल आवाज अपघात झालेल्या कामगाराच्या हातातून असा घडला.

त्याच बँडचा गायक ओझी ऑसबॉर्न तरुणपणी कत्तलखान्यात काम करायचा. ५ जुलै २०२५ ला अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर तो शेवटचे गायला आणि २२ जुलैला गेला. जगभर शोक झाला. आमच्या पुणे-मुंबईच्या मित्रांनीही काळे फोटो लावले. कत्तलखान्यात जनावरांची आतडी उपसणारा पोरगा, चामडे चिकटवलेल्या बोटांचा कामगार, हे त्यांचे दैवत. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या मित्रांनी एवढे सांगावे की तेच काम करणारा माणूस त्यांच्या सोसायटीत भाड्याने घर मागायला आला तर त्याला घर मिळते का? अ‍ॅस्टनचा चामड्याचा तुकडा कलेच्या इतिहासात जातो. आमच्याकडचे चामडे गावकुसाबाहेर राहते.

तेव्हा काका, हे संगीत परके असेल, पण त्यातली माणसे परकी नाहीत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेचे नाव शोधले ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरमध्ये. विचार सातासमुद्रापलीकडून घेता येतो, मग ढोल का घेता येऊ नये?

नववा अवतार

भारतात मेटल आले तेव्हा काय झाले हेही पाहिले पाहिजे. युरोपात हे संगीत धर्मसत्तेला शिव्या देत वाढले. त्याचा अतिरेकही झाला. नॉर्वेत १९९२ साली या वर्तुळातल्या तरुणांनी जुनी लाकडी चर्चे जाळली, काही बँड उघड वंशवादी झाले. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण आपल्याकडे उलटे घडले. इथल्या मेटलला 'भारतीय' व्हायचे होते आणि भारतीय म्हणजे काय हे शोधताना त्याचा हात थेट पोथीवर गेला. सिंगापूरच्या 'रुद्र' बँडने संस्कृत मंत्र घेऊन 'वेदिक मेटल' असे नाव रूढ केले. मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन' या नावाजलेल्या बँडने २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. एकेका अवतारावर एकेक गाणे. नववे गाणे बुद्धावर.

वाजवणाऱ्यांच्या हेतूवर आम्हाला शंका घ्यायची नाही. त्यांचे वादन तयारीचे आहे आणि आम्ही त्यांना ऐकत आलो आहोत. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी ज्यांना पाठ आहे, त्यांना त्या नवव्या गाण्यावर मान हलवताना काय वाटत असेल? बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हा प्रचार आम्ही खोटा मानतो, हे आमच्या धर्मांतराचे अंग आहे. मैदानातल्या इतरांसाठी ती एक गोष्ट असते, आमच्यासाठी तो वाद असतो. 'संगीताला जात नसते' म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. जात तुम्ही आणली नाही हे मान्य. ती तुमच्या 'सहज' निवडीत आधीच बसलेली होती.

बंडखोर संगीताने ब्राह्मणी पोथीलाच मुजरा करावा, हा विनोद नाही तर काय? आणि भारतीय ताल शोधायचाच होता तर हलगी दिसली नाही का?

हलगी

आता आमच्या घरातला प्रश्न. ज्या पोराला काकांनी विहारात अडवले तो हलगी वाजवतो. आजोबांकडून शिकला. कोल्हापुरात हलगीशिवाय कुस्तीचा फड रंगत नाही. खासबाग मैदानात पैलवान खडाखडी करतात तेव्हा हलगी-घुमक्याचा कडकडाट सुरू होतो आणि बघणाऱ्याचे अंग आपोआप ताठ होते. त्या पोराने पहिल्यांदा डबल-बास ड्रम ऐकले तेव्हा तो म्हणाला, "दादा, हे तर आमचंच हाय की." आणि त्याने टेबलावर बोटांनी तो ठोका काढून दाखवला. थोडा वेगळा होता, पण होता.

पण त्याच्या आईला हलगी नको आहे. ती आम्हाला म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं पाटलाच्या दारात, लग्नात, मयताला वाजवली. वाजवून झालं की लांब बसायचं. भाकरी वरनं टाकायचे. त्यासाठी पोराला शिकवला नाही मी." या बाईला कोणता समाजशास्त्रज्ञ उत्तर देणार? मेलेली ढोरे ओढणे, वाजवत पुढे चालणे, बलुत्याची ही सगळी कामे टाकून द्या हे बाबासाहेबांच्या चळवळीचे सांगणे तिच्या सासरच्यांनी उशिरा का होईना ऐकले. हलगी खुंटीला टांगली. आणि आता आम्ही शिकलेले लोक येऊन म्हणतो, ती परत काढा, ती तुमची संस्कृती आहे!

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे झाले आहे की बाबासाहेबांच्या चळवळीने झिडकारली ती सक्ती आणि तो मोबदला. वाद्याला दोष नव्हता, कोणी, कोणाच्या दारात, कोणत्या भावात वाजवायचे हे दुसरा ठरवत होता, तो दोष होता. बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकत होते. भीमराव कर्डकांच्या जलशांनी, वामनदादांच्या गाण्यांनी चळवळ खेड्यापाड्यात नेली. चळवळीने वाद्य टाकले नाही, त्याचा मालक बदलला.

तमिळनाडूत हेच झाले. तिथे परई हे चामड्याचे वाद्य दलितांच्या माथी मारलेले होते, मयताला वाजवायचे. पा. रंजित यांच्या पुढाकाराने ६ जानेवारी २०१८ ला चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड पहिल्यांदा स्टेजवर आला. परई, गिटार, ड्रम, रॅप सगळे एकत्र. नावामागे पंडित अयोथी दास यांचा विचार आहे. बाबासाहेबांच्या कितीतरी आधी बुद्धाकडे वळलेला हा माणूस. ब्राझीलच्या सेपल्तुरा बँडने १९९६ च्या 'रूट्स'मध्ये झावांते आदिवासींसोबत वाजवले. न्यूझीलंडची 'एलियन वेपनरी' ही पोरे माओरी भाषेत मेटल गातात आणि जगभर फिरतात. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' हा बौद्ध रॉक बँड उभा केला. वाट मळलेली आहे. हलगी आणि गिटार एका स्टेजवर आणण्यात आपण काही जगावेगळे करणार नाही.

त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने अटी घातल्या : "पैसं आधी ठरवून. कुणाच्या दारात न्हाई. फलकावर त्याचं नाव पायजे. आणि शाळा बुडवून न्हाई." आमच्या दोन वर्षांच्या एमएपेक्षा या चार अटींत जास्त समाजशास्त्र आहे.

आवाज कोणाचा मोजला जातो?

आवाजाचा प्रश्न टाळून चालणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. हा नियम रॉकलाही लागला. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा ते धोबीतलावचे रंगभवन याच शांतता क्षेत्राच्या नियमाने बंद पडले.

फरक असा, की रंगभवन बंद झाले तेव्हा एक सांस्कृतिक पर्व संपल्याचे लेख आले. आमच्या जयंतीचा डीजे बंद पडतो तेव्हा 'धांगडधिंगा आटोक्यात' असा मथळा येतो. मोठ्या शहरात तिकीट लावून आवाज केला तर तो इव्हेंट, वस्तीत वर्गणी काढून केला तर तो उपद्रव. ही दुटप्पी भाषा आम्हाला मान्य नाही.

पण म्हणून डीजेचे समर्थन आम्ही करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. आमच्या गल्ल्या आठ-दहा फुटांच्या. दोन्ही बाजूंना पत्र्याची घरे, आत तान्ही मुले, दम्याचे म्हातारे. तिथे स्पीकरची भिंत उभी करणे हा आपल्याच माणसांवरचा हल्ला आहे. मैफलीला माणूस स्वतःच्या इच्छेने जातो, कानात बोळे घालतो, नको झाले तर बाहेर पडतो. वस्तीतल्या आजीने कुठे जायचे? आम्ही स्वतः बेंगळुरूहून आलो तेव्हा तीन दिवस कानात शिट्टी वाजत होती. त्यानंतर बोळ्यांशिवाय गेलो नाही. पोरांनो, हे ऐका. गेलेले कान परत येत नाहीत.

काकांच्या बाकीच्या हरकती

टी-शर्टवरची कवटी. काका, आपण भूत मानत नाही, सैतानही मानत नाही. ज्यांचा चर्चशी झगडा त्यांना सैतान लागतो. आपल्याला ते फक्त हाड आहे. आणि हाडाकडे बघायला तथागतांनीच शिकवले. महासतिपट्ठान सुत्तात स्मशानातल्या प्रेताच्या अवस्थांचे चिंतन सांगितले आहे, शेवटी हाडांचा भुगा होईपर्यंत. विहारात वेश साधा असावा हे मात्र मान्य. पोरगा पुढच्या रविवारी पांढरा सदरा घालून आला.

गाणे-बजावणे धम्मात बसते का? नाच-गाण्यापासून दूर राहण्याचे शील उपोसथाच्या अष्टशीलात आहे, रोजच्या पंचशीलात नाही. बुद्धाने सोणाला वीणेचाच दाखला दिला होता. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. चळवळीतल्या पोरांच्या तारांचेही तसेच आहे. वर्षभर निवेदने, मोर्चे, अत्याचाराच्या केसेस, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या. एका रात्री मोकळे ओरडून आलेला कार्यकर्ता सोमवारी जास्त नीट काम करतो, हा आमचा अनुभव आहे.

दारूबद्दल मात्र काकांचे शंभर टक्के बरोबर. या मैफलींत बिअर पाण्यासारखी वाहते, कधीकधी पाण्यापेक्षा लवकर मिळते. पाचवे शील मैदानाच्या फाटकावर ठेवून आत जायचे नसते. आमच्या गटाचा नियम आहे, जो पिईल तो पुढच्या वेळी गाडीत नाही.

मग करायचे काय?

जयंतीच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत तो ठराव असा. यंदा डीजे नको. गेल्या वर्षी डीजेवर जेवढे पैसे गेले तेवढ्यात अभ्यासिकेची वर्षभराची मासिके येऊन वर पैसे उरले असते. त्यातली निम्मी रक्कम अभ्यासिकेला द्यावी. उरलेल्या निम्म्यात संध्याकाळी सात ते दहा, गल्लीत नाही तर मोकळ्या मैदानावर एक स्टेज : आधी शाहिरी जलसा, मग हलगी, ड्रम आणि गिटार. प्रत्येक वादकाला ठरलेले मानधन, प्रत्येकाचे नाव फलकावर. स्टेजसमोर बायका-मुलींसाठी राखीव जागा आणि तिथे बंदोबस्ताला आमच्याच मैत्रिणी. दारू प्यायलेला माणूस आत नाही.

बैठकीत विरोध होणार. काही तरुण म्हणतील, गर्दी डीजेलाच होते. शेजारच्या मंडळाचा डीजे असेल आणि आपला नसेल तर इज्जत जाते, हेही म्हणतील. त्यांना दोष देत नाही. वर्षभर ज्यांना शहर मान खाली घालायला लावते त्यांना एक दिवस तरी सगळ्यांत मोठा आवाज आपला हवा असतो. आमचे म्हणणे एवढेच, की तो आवाज भाड्याच्या स्पीकरचा नको, आपल्या हाताचा हवा.

ज्यांना बाहेरच्या मैफलींना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. १७ मे २०२५ ला गन्स एन' रोझेस मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचलो होतो. वय वाढले आहे, आता आम्ही पिटच्या कडेला उभे राहतो आणि पडलेल्यांना उचलतो. तिथे कोणी पूर्ण नाव विचारले तर आता पूर्ण सांगतो, आणि वर "जयभीम" म्हणतो. मुंबईत त्या दिवशी रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या दोन अनोळखी मुलींनी ते ऐकले आणि "जयभीम दादा" असे उत्तर दिले. त्या नांदेडच्या होत्या. आपण तिथे असतोच, फक्त एकमेकांना सापडत नाही.

काकांना आम्ही ठरावाची प्रत दिली आहे. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, "हलगीचं ठीक हाय. पण ते बोंबलणं किती वेळ?"

आम्ही म्हणालो, वीस मिनिटे.

"पंधरा करा," काका म्हणाले. आम्ही त्यावर राजी आहोत. बैठकीला या.

जयभीम!